भीक नव्हे, वर्गणी!



या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे मुलांचे शिक्षण, नोकरी आणि लग्नकार्य यांच्याबद्दल असतात. गेल्या पंधरवड्यात कल्याणच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले ते मात्र वेगळे होते. ते वाचून आम्हीही थोडा वेळ गप्प बसलो. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. म्हणून आम्ही त्यांना नुसते ताई म्हणतो.

ताईंचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. थोरली मुलगी बँकेचे कर्ज काढून अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी गेली. शिकता शिकता तिला विद्यापीठातच थोड्या तासांचे काम मिळाले. काम कसले, तर संध्याकाळी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांना फोन करायचे, त्यांची विचारपूस करायची आणि यंदा विद्यापीठाला काही देणगी द्याल का, असे विचारायचे. पोरीने हे मोठ्या उत्साहाने घरी फोनवर सांगितले. तर घरातल्या आजीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "बाबांनी आपल्याला हात मिटायला शिकवलं. तू सातासमुद्रापलीकडं जाऊन पुन्हा पसरायला लागलीस?"

पोरगी रडली. आजी दोन दिवस बोलली नाही. ताईंनी आम्हाला विचारले आहे, "हे काम मानाचे की अपमानाचे? तिला सोडून दे म्हणून सांगू का?"

प्रश्न एका घराचा आहे, पण उत्तर आपणा सर्वांच्या उपयोगाचे आहे. म्हणून आजचे सदर त्यासाठीच.

आधी आजींचा राग समजून घेऊ. तो अडाणीपणाचा राग नाही. येसकराची पाळी आली की हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन घरोघर भाकरी मागत फिरायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, वरून टाकलेली भाकरी झेलायची, हे आजींच्या सासऱ्यांनी केले असेल. दिवसभर गावाची कामे करायची आणि मोबदला असा, भिकेसारखा घ्यायचा! १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला बाबासाहेबांनी सांगितले की उष्टे खाऊ नका, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, स्वाभिमानाने जगा. महार वतन जावे म्हणून त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात झगडा केला. ही वतने बंद करणारा कायदा अखेर १९५८ साली झाला. त्या मागण्यातून सुटायला आपल्या किती पिढ्या लागल्या हे आजींना ठाऊक आहे. 'मागणे' हा शब्द कानावर आला की त्यांचे काळीज चरकणारच.

पण ताई, सगळे मागणे एक नसते. आपली नात नेमके काय करते, हे आजींना कोणी नीट सांगितलेच नाही असे आम्हाला दिसते. ते आज सांगतो.

अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांत 'वार्षिक देणगी' नावाचे एक खाते असते. येल विद्यापीठाने १८९० साली माजी विद्यार्थ्यांचा असा निधी सुरू केला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. कल्पना सोपी आहे. ज्याने या संस्थेत शिकून पोट भरण्याची विद्या मिळवली, त्याने दरवर्षी आपल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी संस्थेला परत द्यावे. कोणी दहा डॉलर देतो, कोणी हजार देतो. हा पैसा बहुधा त्या त्या वर्षीच खर्च होतो. गरजू विद्यार्थ्याची फी, ग्रंथालयाची पुस्तके, प्रयोगशाळेचे सामान, जिथे नड असेल तिथे तो वापरता येतो.

या खात्यात दोन तऱ्हेची माणसे काम करतात. एक, कायम पगारी नोकर. माजी विद्यार्थ्यांच्या याद्या ठेवणे, पत्त्यातले बदल टिपणे, पत्रे लिहिणे, आलेल्या पैशाची पावती आणि आभारपत्र पाठवणे हे त्यांचे काम. दुसरी, ताईंच्या मुलीसारखी विद्यार्थी मंडळी. ही संध्याकाळी, लोक कामावरून घरी आल्यावर, फोन करायला बसतात. परदेशी विद्यार्थ्याला तिथे कॉलेज चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते, त्यात हे काम बसते.

समोर संगणकाच्या पडद्यावर माणसाचे नाव, तो कोणत्या साली कोणत्या विभागातून बाहेर पडला, मागे किती दिले, हे दिसते. आधी आपली ओळख द्यायची, आपण काय शिकतो ते सांगायचे. त्याच्या वेळच्या आठवणी विचारायच्या. मग संस्थेत आज काय चालले आहे ते सांगून देणगीचा विषय काढायचा. आकडा ठरवून सांगायचा, "काहीतरी द्या" असे म्हणायचे नाही. समोरच्याला तो जड वाटला तर खालचा आकडा सांगायचा. तोही जड असेल तर, "किती दिले यापेक्षा आपले नाव यंदाच्या यादीत असणे महत्त्वाचे," असे म्हणायचे. आणि तरीही नाही म्हणाला तर आभार मानून फोन ठेवायचा. हे सगळे शिकवले जाते.

गंमत म्हणजे त्या लोकांनी देणगीदारांना टोपणनावेही दिली आहेत. मागच्या वर्षी दिले पण यंदा अजून दिले नाही, अशा माणसाला ते 'लायबंट' म्हणतात. पूर्वी कधीतरी दिले पण यंदा नाही, तो 'सायबंट'. शब्द हसण्यासारखे आहेत, पण त्यांमागे शहाणपण आहे. ज्याने एकदा दिले तो पुन्हा देण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून आधी त्याच्याकडे जायचे. आपल्या मंडळांच्या पावती पुस्तकांत मागच्या वर्षीची नावे असतात. यंदा कोण राहिले, हे आपण ती चाळून कधी पाहतो का?

आता भिकेत आणि या कामात फरक काय? आमच्या मते तीन फरक आहेत.

पहिला, भिकारी स्वतःच्या पोटासाठी मागतो. ही मुलगी संस्थेसाठी मागते आणि तिला तिच्या तासांचा ठरलेला पगार मिळतो. आणलेल्या देणगीत तिची टक्केवारी नसते. अमेरिकेत या धंद्यातल्या लोकांची जी मोठी संघटना आहे तिच्या आचारसंहितेतच लिहिले आहे की देणगीच्या टक्केवारीवर मेहनताना घ्यायचा नाही. आपल्याकडे वर्गणी गोळा करणाऱ्यांनीही हे एक कलम भिंतीवर लावावे.

दुसरा, भिकेची पावती नसते. इथे प्रत्येक पैशाची नोंद होते. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीवर करात सवलत हवी असेल तर देणाऱ्याजवळ संस्थेचे लेखी पत्र असावेच लागते, असा तिथला कायदा आहे. आणि देणाऱ्याला उद्या विचारता येते, माझ्या पैशाचे काय केले?

तिसरा फरक आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. उंबऱ्यावर भाकरी टाकणारा वर असतो आणि झेलणारा खाली असतो. वर्गणीत देणारा आणि मागणारा दोघेही एका संस्थेची लेकरे असतात. एकाने तिथे पूर्वी शिकून घेतले, एक आज शिकतो आहे. इथे कोणी कोणाच्या पायाशी नसतो.

आणि मागण्याची लाज आपल्या धम्मालाही नाही. भिक्खू पात्र घेऊन दारात शांत उभा राहतो, तेव्हा त्याला कोणी भिकारी म्हणत नाही. कारण उपासक अन्न देतो आणि भिक्खू धम्म देतो. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. विसावा हिस्सा म्हणजे शंभर रुपयांतले पाच. तो उपकार म्हणून द्यायचा नव्हता, कर्तव्य म्हणून द्यायचा होता. आणि एकदाच द्यायचा नव्हता, मिळकत आहे तोवर द्यायचा होता. सगळी मेख या 'तोवर'मध्ये आहे.

एकदाच मोठी रक्कम मिळाली तर पुरे नाही का, असे कोणी विचारील. याचे उत्तर बाबासाहेबांच्याच चरित्रात आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या, महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. महाराजांचे ते उपकार आपण कधीच विसरणार नाही. पण मुदत संपली तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, आणि १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, काटकसरीने पैसे साठवून, थोडी मदत आणि थोडे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले, तेव्हा कुठे ते शिक्षण पुरे झाले. एवढा मोठा विद्यार्थी! पण त्याच्यामागे एकच दाता होता, म्हणून मुदत संपताच वाट थांबली.

आपल्या पत्रांचेही तेच झाले. १९२० साली 'मूकनायक' निघाले ते राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या लेखणीने भरून काढले, पण पैशाचे पाठबळ पुरले नाही आणि १९२९ साली ते बंद पडले. लेखणी कमी पडली नाही, वर्गणी कमी पडली. हे लिहिताना आम्हाला आजही वाईट वाटते.

आता हिशेबाच्या भाषेत बघा. संस्थेजवळ मोठी ठेव असली तर मुद्दलाला हात न लावता वर्षाला साधारण चार-पाच टक्केच खर्च करावा, असा तिकडचा प्रघात आहे. म्हणजे दरवर्षी एक लाख रुपये हवे असतील तर २० ते २५ लाखांची ठेव पाहिजे. ती देणारा धनिक आपल्यात कुठून आणायचा? पण वर्षाला हजार रुपये देणारी शंभर माणसे मिळाली तरी तोच एक लाख उभा राहतो. हजार रुपये म्हणजे दिवसाला तीन रुपयेही नाहीत. ज्यांच्यात धनिक नाहीत अशा समाजाला हाच रस्ता आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हे फार आधी ओळखले. गुलामगिरी संपल्यावर १८६६ साली टेनेसी राज्यात नॅशव्हिल येथे फिस्क नावाची शाळा निघाली, आज ते विद्यापीठ आहे. पाचच वर्षांत ती कर्जाने बुडू लागली. तेव्हा १८७१ साली नऊ विद्यार्थ्यांची गाणारी मंडळी गावोगाव फिरली. त्यांतले बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. आपल्या पूर्वजांची गाणी गाऊन त्यांनी संस्थेसाठी पैसा आणला आणि त्यातून 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. ती नऊ मुले भीक मागत होती असे कोण म्हणेल? पुढे १९४४ साली टस्कीगी संस्थेचे प्रमुख फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने २७ काळ्या कॉलेजांनी मिळून एक संयुक्त निधी काढला. वेगवेगळे मागत बसण्यापेक्षा एकत्र मागू, हा त्यामागचा विचार. तो निधी आजही चालू आहे.

आणि एक उदाहरण सावध करणारे. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो येथे काळ्या मुलींसाठी बेनेट कॉलेज आहे, १८७३ सालचे. पैशाची घडी विस्कटली म्हणून २०१८ च्या डिसेंबरात त्याची मान्यता काढून घेण्याचा निर्णय झाला. माजी विद्यार्थिनी धावल्या, चर्च धावले, सामान्य माणसे धावली. ५० लाख डॉलर हवे होते, सुमारे दोन महिन्यांत ८२ लाख जमले. तरीही अपील फेटाळले गेले. कोर्टात जावे लागले, दुसऱ्या मंडळाकडून मान्यता मिळवावी लागली. कॉलेज वाचले, पण फार सोसून. आग लागल्यावर बादल्या घेऊन धावणारे पुष्कळ असतात. रोज हौद भरून ठेवणारे असले तर आग लागायची वेळच कमी येते.

ताई, हे काम सोपे आहे असे मात्र समजू नका. दहा फोन केले तर बरेचसे उचललेच जात नाहीत. उचलले तर कोणी चिडते, कोणी म्हणते माझेच शिक्षणाचे कर्ज फिटले नाही, तुला कुठून देऊ? ते खरेच असते. आपल्या मुलीच्या डोक्यावरही कर्ज आहे, तेव्हा तिला ते लगेच कळत असेल. काही वेळा तर ज्याच्यासाठी फोन केला तो माणूस वारलेला असतो आणि फोन त्याची बायको उचलते. अशा वेळी देणगीचा शब्दही काढायचा नसतो. दुःख व्यक्त करायचे, त्या बाईंना बोलावेसे वाटले तर ऐकायचे आणि नोंद करायची, म्हणजे त्या घरी पुन्हा असा फोन जाणार नाही. वीस-बावीस वर्षांची पोरे हे शिकतात. माणसाशी कसे बोलावे, नकार कसा सोसावा, हे आमच्या मते कुठल्याही पदवीइतके मोलाचे आहे.

दुसरी बाजूही लपवत नाही. हार्वर्डसारख्या विद्यापीठाजवळ ५० अब्ज डॉलरहून जास्त ठेव आहे. अशा श्रीमंत संस्थांनी गरीब पदवीधरापुढे हात पुढे करावा का, असा प्रश्न तिथलेच लोक विचारतात आणि तो रास्त आहे. शिवाय घरचे फोन गेले, अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, म्हणून फोनची खोली बंद करून मोबाईलवरचे संदेश, ई-मेल आणि एका दिवसाची मोहीम यांच्यावर भर देणाऱ्या संस्था वाढत आहेत. तेव्हा हे काम जन्मभराचे समजू नये. पण याद्या, पत्रे, हिशेब हे मागचे काम मुलीने शिकून घेतले तर ते कुठेही लागेल.

आणि ते सर्वांत जास्त लागेल आपल्याकडे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली त्या वेळच्या औरंगाबादला कॉलेज सुरू झाले, तेच पुढे मिलिंद. या कॉलेजांतून शिकून आपल्यातले किती साहेब झाले, वकील झाले, प्राध्यापक झाले! खेड्यापाड्यांत आपल्या माणसांनी चालवलेल्या शाळा, वसतिगृहे, अभ्यासिका आहेत, त्यांच्यातूनही पोरे मोठी झाली. आम्ही स्वतःलाच विचारले, ज्या वसतिगृहाच्या आमटी-भाकरीवर आम्ही शिकलो त्याला गेल्या वर्षी आम्ही काय दिले? उत्तर लिहायला लाज वाटते. पण हेही खरे की आम्हाला कोणी विचारलेच नाही.

न देणाऱ्यांत कंजूष थोडे असतात, न विचारलेले जास्त असतात. आपण जयंतीला वर्गणी मागतो, ती मिळतेही. तोच माणूस अभ्यासिकेच्या दिव्याच्या बिलासाठीही देईल. त्यासाठी मोठे काही लागत नाही. एक वही करावी. त्यात संस्थेतून शिकून गेलेल्या प्रत्येकाचे नाव, साल आणि फोन लिहावा. वर्षातला एक दिवस ठरवावा आणि तो चुकवू नये. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला विचारावे. पावती द्यावी. आठवड्याच्या आत दोन ओळींचे आभार कळवावेत. आणि वर्षअखेर, पैसा कुठे गेला याचा कागद प्रत्येकाच्या हाती द्यावा. पन्नास रुपये देणाऱ्यालाही द्यावा. मागच्या वर्षी ज्याने दिले त्याच्याकडे यंदा पहिल्यांदा जावे.

हिशेब दिला नाही तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहत नाही. आपली किती मंडळे, किती संस्था याच एका गोष्टीने फुटल्या, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

तर ताई, आमचे मत विचारता तर मुलीला काम सोडायला सांगू नका. अभ्यास सांभाळून करू द्या. आणि आजींना आमचा जयभीम सांगून एवढे सांगा. आजी, तुमचा राग आम्हाला मान्य आहे, तो मनात तसाच राहू द्या. त्या रागानेच आपण माणसात आलो. पण तुमची नात कोणाच्या उंबऱ्याबाहेर उभी नाही. विद्यापीठातल्या खुर्चीवर बसून ती शिकलेल्या माणसाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देते. बाबासाहेबांनीही आपल्याला विसाव्या हिश्श्याची आठवण करून दिली होती.

मुलीलाही आमचा निरोप द्या. शिकून परत ये किंवा तिकडे राहा, पण ती वही कशी ठेवतात हे नीट शिकून घे. आणि पहिला पगार झाला की, आजीच्या हाताने, तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या नावाने पावती फाड. रक्कम कितीही असू दे. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा फाड.

इतर वाचकांनीही आपापल्या शाळेला, वसतिगृहाला यंदा काय दिले ते आम्हाला कळवावे. आम्ही आमचे दिले आहे. उशिरा का होईना, पावती घेतली आहे.

पुन्हा भेटू. जयभीम!